‘तू जास्तच मनाला लावून घेतेस’ असं समुपदेशकच म्हणाले तर?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच दिसेल.

तुम्ही सुरगाणा तालुक्यातल्या. नाशकात आदिवासी वसतिगृहात राहून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. चार महिने धड झोप नाही, प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळपासून छातीत धडधडतं, दोनदा लॅबमधून उठून बाहेर आलात. वर्गातली तीन मुलं तुम्हाला तोंडावर ‘कोट्यातली’ म्हणतात. जर्नल तपासणीच्या रांगेत त्यातला एक सगळ्यांदेखत म्हणाला, ‘यांना काय, पास करतातच.’ मैत्रिणीने एका समुपदेशकांचा पत्ता दिला. त्यांनी आधी पूर्ण नाव विचारलं, मग गाव, मग ‘म्हणजे एसटी का? फी माफच असेल मग.’ तुम्ही वर्गातलं सांगायला लागलात तेव्हा ‘जात आता कोण मानतं? तू जरा जास्तच मनाला लावून घेतेस’ असं म्हणाले आणि समोरच्या कागदावर ‘संशयी स्वभाव’ असं लिहिलं. अमेरिकेत मानसोपचारात वंशभेद चालतो असं तुम्ही वाचलंय, म्हणून विचारताय की आपल्याकडेही असं असतं का, की हे सगळं माझ्याच डोक्यात आहे? आणि पुन्हा जायचं तर आपल्याच समाजातल्या कोणाकडे जावं का?

शेवटी एक ओळ कंसात टाकली आहे, ‘कधीकधी वाटतं नकोच हे सगळं.’ बाकीचं नंतर, आधी हिच्याबद्दल. असं वाटणं थकव्याचंही असू शकतं आणि जीव नकोसा होण्याचंही. फरक तुम्हालाच माहीत. दुसरं असेल, किंवा नक्की सांगता येत नसेल, तर आज रात्री खोलीत एकट्या राहू नका. वसतिगृहात विश्वासाची एक मुलगी असेल तिला सांगा, आणि १४४१६ ला फोन करा. ही टेलिमानसची सरकारी मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता मी कोण ते. मी सायकियाट्रिस्ट, नाशकात बावीस वर्षं. सुरुवातीची काही वर्षं सरकारी नोकरीत, नंतर स्वतःचं क्लिनिक, आणि महिन्यातून एकदा पेठ-सुरगाण्याकडच्या शिबिरात. माझं आडनाव असं आहे की ते सांगताना मला आयुष्यात कधी अडखळावं लागलेलं नाही. कॉलेज रोडला भाड्याने खोली शोधतानासुद्धा नाही. हे सांगते कारण पुढे माझ्याच चुकीबद्दल लिहिणार आहे आणि ती चूक या न अडखळण्यातूनच झाली होती.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, हेही आधीच कबूल करते. एका बाजूचं ऐकलंय, तेही पंधरा ओळींत. ते समुपदेशक वाईट होते की अडाणी, की दिवसातला नववा माणूस बघून कंटाळलेले, ते मला कळणार नाही. कदाचित ‘संशयी स्वभाव’ पुढे प्रश्नचिन्हही असेल. पण त्यांच्या मनात काय होतं हे ठरवल्याशिवायही तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं, कारण मला तो चांगुलपणाचा प्रश्न वाटत नाही, निदानाचा वाटतो. मार बाहेरून बसला असेल आणि डॉक्टरने तो आतला आजार म्हणून लिहिला, तर उपचार चुकणारच. मग डॉक्टर स्वभावाने कितीही गोड असो.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. १८५१ साली अमेरिकेतल्या लुइझियानात सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा आजार शोधून काढला. लक्षण एकच, गुलाम मालकाकडून पळून जातो. उपायांत चाबकाचे फटके. आज हसू येतं, पण त्या वेळी ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. पुढच्या शतकातही तिथे कृष्णवर्णीय पुरुषांना स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं, लेबल जास्त सहज लागत राहिलं. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने या सगळ्याबद्दल जाहीर माफी मागितली ती जानेवारी २०२१ मध्ये. इंग्लंडमध्ये कायद्याचा आधार घेऊन सक्तीने दाखल केलं जाण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या साडेतीन-चार पट आहे, आणि ही तफावत वर्षानुवर्षं मिटत नाही.

आपल्या देशातही हा खेळ झालेला आहे. १९१८ मध्ये रांचीला युरोपियनांसाठी वेगळं मनोरुग्णालय निघालं, भारतीयांचं वेगळं १९२५ मध्ये. युरोपियनांच्या त्या रुग्णालयाचे प्रमुख, ओवेन बर्कली-हिल, यांनी हिंदूंच्या धर्माचं आणि स्वभावाचं मूळ शौचाशी जोडणारा एक निबंध लिहिला होता. शिकत असताना आम्ही मित्रमैत्रिणी तो किस्सा एकमेकांना रंगवून सांगायचो आणि साहेबाला शिव्या घालायचो. त्याच आम्ही दुपारच्या ओपीडीत पेठहून आलेल्या बाईबद्दल ‘या लोकांना काही सांगताच येत नाही’ असं म्हणायचो. तेव्हा मात्र कोणाला बर्कली-हिल आठवायचा नाही.

आता माझी चूक. तपशील थोडे बदलले आहेत. नोकरीतली माझी दुसरी-तिसरी वर्षं. पेठ तालुक्यातली एक तिशीतली बाई, नवऱ्याने आणलेली. जेवत नाही, झोपत नाही, कामाला जात नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, नजर फरशीवर. दहा प्रश्न विचारले, तीनांची उत्तरं आली, तीही ‘हां’ आणि ‘नाय’. मी केस पेपरवर लिहिलं: बोलणं तुटपुंजं, चेहऱ्यावर भाव नाहीत, डोळ्याला डोळा देत नाही. तिन्ही गोष्टी पुस्तकात स्किझोफ्रेनियाच्या पानावर शेजारी शेजारी असतात. दाखल करून घेतलं, रिस्पेरिडोन ही त्या आजारावरची गोळी सुरू केली. पुढच्या रुग्णाला हाक मारली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

चौथ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी, मूळच्या हरसूलच्या, फरशी पुसता पुसता थांबल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, ती तुमच्याशी बोलत नाही. माझ्याशी रात्री तासभर बोलते.’ काय बोलते? दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेले होते सगळे. बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाचं खोपटं. दीड वर्षाच्या पोराला ताप आला, गाडीची वाट बघण्यात रात्र गेली आणि सकाळी पोर गेलं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला पुन्हा कामावर उभं केलं, कारण उचल फिटायची होती. हे सगळं तिने मावशींना त्यांच्या बोलीत सांगितलं होतं. मी विचारलं होतं छापील मराठीत, ‘तुम्हाला उदास वाटतं का?’

तिला स्किझोफ्रेनिया नव्हता. मूल गेल्याचं दुःख होतं, आणि त्यावर चढलेलं मोठं नैराश्य. गोळी बदलली, मावशींना शेजारी बसवून मी पुन्हा हिस्टरी घेतली, आणि तीन आठवड्यांनी ती बाई स्वतःच्या पायांनी एसटीत बसून गेली. माझ्या केस पेपरवर जातीचा रकाना भरलेला होता, बरं का. अगदी अचूक. फक्त त्याचा तिच्या बोलण्याशी, न बोलण्याशी, माझ्या खुर्चीच्या उंचीशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं मावशींच्या, आणि त्यांना पगार माझ्या एक-पंचमांश.

नंतर फ्रान्झ फॅनॉनबद्दल वाचलं. मार्टिनिकचा कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ, १९५३ मध्ये अल्जीरियातल्या ब्लिदाच्या रुग्णालयात रुजू झाला. त्याने फ्रान्समध्ये शिकलेली पद्धत, म्हणजे सभा, उत्सव, रुग्णांचं वर्तमानपत्र, युरोपियन बायकांच्या वॉर्डात सुरू केली. ती छान चालली. मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात तीच सपशेल आपटली. त्याने रुग्णांना दोष दिला नाही. आपणच परक्या घराचा आराखडा इथे ठोकत होतो असं त्याने लिहून ठेवलं, आणि मग तिथे त्यांच्या पद्धतीचं कॉफीघर काढलं. मला त्या माणसाचा हेवा वाटतो तो एवढ्यासाठी की त्याला ते कोणी फरशी पुसताना सांगावं लागलं नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, असतं. आपल्याकडे त्याचं नाव बहुतेक वेळा जात, आदिवासी असणं, बोली, आणि गरिबी यांच्या गाठीत अडकलेलं असतं, त्यामुळे कोणीही सहज म्हणू शकतं की ‘हे जातीचं नाहीच, शिक्षणाचं आहे’. बुद्ध्यांक चाचणीचंच बघा. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी येणाऱ्या मुलांवर अजून बिने-कामत वापरली जाते, जी स्वातंत्र्याच्या आधी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या शाळकरी मुलांवर बेतलेली आहे. घरी डांगी-कोकणी बोलणारं बारा वर्षांचं आश्रमशाळेतलं पोर तिच्यात अडखळलं की ‘मतिमंद’ शब्द तयार असतो. त्याच पोराला मी भाटिया बॅटरी दिली आहे, ज्यात ठोकळे जुळवणं, नक्षी काढणं असं हाताचं काम जास्त असतं, आणि ते पोर मजेत सोडवून ‘अजून आहे का?’ असं विचारतं. प्रत्येक वेळी असं होत नाही. काही मुलांना खरंच मदत लागते. पण दुसरी चाचणी देऊन बघायचे कष्ट कोणासाठी घेतले जातात आणि कोणासाठी नाही, तिथे भेदभाव बसलेला असतो.

आता ‘माझ्या डोक्यात आहे का?’ याबद्दल. यावर जरा थांबते, कारण संशयाचा खरा आजार असलेली माणसं माझ्याकडे रोज येतात आणि मी फरक कसा करते ते तुम्हाला कळलेलं बरं. आजारातला संशय पसरत जातो. आधी शेजारी, मग दूधवाला, मग टीव्हीवरचा निवेदक. त्याला पुरावा लागत नाही, किंवा लाल गाडी दोनदा दिसली हाच पुरावा होतो. जागा बदलली तरी तो सोबत जातो. आणि ‘तुमचं चुकतही असेल’ हे वाक्य त्या माणसाला सहन होत नाही. तुमच्याकडे काय आहे? तीन मुलं, एक लॅब, ठरावीक दिवस, शब्दन्‌शब्द आठवणारी वाक्यं, ऐकणारे साक्षीदार. तुम्हीच लिहिलंय की दिवाळीत गावी नऊ दिवस शांत झोपलात. आणि तुम्ही एका अनोळखी बाईला विचारताय की माझंच चुकतंय का. संशयाचा आजार असलेला माणूस असं क्वचितच विचारतो.

समुपदेशकांकडून काय झालं असावं याचा माझा अंदाज सांगते. हल्ली सगळे सीबीटी शिकतात, म्हणजे विचार तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत. चांगली पद्धत आहे, मीही वापरते. तिच्यात ‘इतरांच्या मनातलं आपणच ठरवणं’ ही विचारांची एक चूक मानतात. ‘सगळे मला कमी समजतात’ असं कोणी म्हणालं की आम्ही विचारतो, तुम्हाला कसं कळलं? इथपर्यंत ठीक. पण तुम्ही मनातलं ओळखलेलं नाही. ते तुमच्या तोंडावर बोलले आहेत. ऐकलेल्या वाक्याला विचारांची चूक म्हणणं ही त्या पद्धतीचीच मोडतोड आहे. तुमच्या बाबतीत काम करण्यासारखा विचार वेगळा असू शकतो. उदाहरणार्थ, ‘ते म्हणतात म्हणजे मी खरोखरच लायक नसेन’ असं आत कुठे रुजलंय का? तिथे उपचाराला जागा आहे. पण तिथे पोचायला आधी ‘हो, ते तसं बोलले आणि ते चुकीचं होतं’ हे वाक्य खोलीत उच्चारलं जावं लागतं.

हेही तितकंच खरं की भेदभाव झाला म्हणून आजार नाही असं नसतं. चार महिने झोप नाही, ठरल्या दिवशी धडधड, काम टाळणं, हे उपचार करण्यासारखं आहे. कारण बाहेर असलं तरी शरीर तुमचं झिजतंय.

आणि शरीरावरून आठवलं. तुमची रक्ततपासणी झाली आहे का? धडधड आणि थकवा म्हणून आलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन सात निघालेलं मी पाहिलंय, थायरॉईडही. आपल्या भागातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्याच्या वेदनेने तळमळणाऱ्या मुलींना ‘नाटक करते’ म्हणून माझ्याकडे पाठवलेलं आहे. भेदभावाची ही दुसरी बाजू. मनाच्या दुखण्याला स्वभाव म्हणायचं आणि अंगाच्या दुखण्याला मनाचं म्हणायचं. सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी, हिमोग्लोबिन त्यातच कळतं), थायरॉईड आणि सिकलसेलची तपासणी, तिन्ही करून घ्या. सिकलसेल सरकारी दवाखान्यात होते.

आता कोणाकडे जायचं. आपल्या समाजातला तज्ज्ञ मिळाला तर अर्धं स्पष्टीकरण वाचतं, हे खरं. काहींना पहिल्या भेटीत रडू येतं ते त्यामुळेच. पण आपल्या देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, त्यात आदिवासी तज्ज्ञ किती असणार. आणि मिळालाच तर तो तुमच्या मामाच्या ओळखीचा निघण्याची शक्यता असते. माझ्याकडे कळवणची एक मुलगी यायची, ती नेमकी यासाठीच माझ्याकडे यायची की मी तिच्या कोणाची कोणी नव्हते. म्हणून हे तुमच्यावर सोडते. समाजापेक्षा मी पहिल्या दहा मिनिटांकडे बघायला सांगेन. सरळ म्हणा, ‘माझ्या त्रासात जातीवरून ऐकावं लागणं हा एक भाग आहे. तुम्ही यावर कसं काम करता?’ ‘मी जात मानत नाही’ असं उत्तर आलं तर लक्षात घ्या, तुम्ही तुमच्याबद्दल विचारलं होतं आणि उत्तर त्यांनी स्वतःबद्दल दिलं. ‘नक्की काय झालं ते सांगा, केव्हापासून, कोण कोण होतं?’ असं विचारलं तर बसा. ‘मला याचा फारसा अनुभव नाही, पण ऐकते’ हेही चालेल. माझ्या मते ते पहिल्यापेक्षा कितीतरी बरं.

सुरुवातीला जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठायला हरकत नाही. उपचार मोफत आहेत, गर्दी मात्र असते, त्यामुळे सकाळी लवकर केस पेपर काढा. खाजगीत जात असाल तर पाटीवर काय लिहिलंय ते वाचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. नुसतं ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र कोणीही लावू शकतो.

कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २०१८ पासून. त्याच्या कलम १८ मध्ये उपचारांत जात, धर्म, लिंग, वर्ग, संस्कृती अशा कारणांवरून भेदभाव करता येणार नाही असं स्पष्ट आहे. कलम ३ सांगतं की कोणाची सामाजिक स्थिती किंवा त्याचा सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गट यावरून मानसिक आजार ठरवायचा नाही. कलम २५ ने स्वतःची कागदपत्रं मागता येतात. रुग्णालयातल्या वागणुकीबद्दल तक्रार आधी तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, दाद न लागल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाते. अडचण अशी की तुमचे समुपदेशक या कायद्याच्या व्याख्येत बसतात की नाही, ते त्यांच्या पात्रतेवर अवलंबून आहे. वर्गातल्या प्रकाराचं वेगळं. तुम्ही लिहिलंय की पोलिसांत जायचं नाही. ठीक आहे, कोणी ढकलू नये. पण कॉलेजात समान संधी कक्ष असायला हवा, यूजीसीचे नियम २०१२ पासून तसं सांगतात. तक्रार करा न करा, तारीख, वाक्य आणि कोण हजर होतं हे वहीत लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही हा निर्णय झोप सुरळीत झाल्यावर घेतलात तर जास्त बरा घ्याल, हा अनुभव.

त्याच वहीत मागच्या पानापासून आणखी एक नोंद सुरू करा. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री किती वाजता झोप लागली, धडधड किती वाजता सुरू झाली, किती वेळ टिकली, त्या दिवशी ती तीन मुलं होती का. दोन आठवडे पुरे. नव्या डॉक्टरांना तुमच्या स्वभावाच्या वर्णनापेक्षा त्या दोन पानांचा जास्त उपयोग होईल.

आणि तो ‘संशयी स्वभाव’वाला कागद तुमच्याकडे असेल तर फाडू नका. सोबत न्या. पण आधी तुमचं सगळं सांगून होऊ द्या, मग तो पिशवीतून काढा.